दोन टाके, सात महिने

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "काही शंका?" तिची शंका एकच होती, "शाळेत कधी जाता येईल?" डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीचं ऑपरेशन आहे. दोन बारीक भोकं, बस्स. फाटलेला तुकडा काढून टाकला तर उद्या संध्याकाळी चालाल आणि दोन-तीन आठवड्यांत शाळेत जाल. मात्र आत गेल्यावर शिवण्यासारखं दिसलं तर शिवीन. मग वेळ लागेल." या उत्तराचा पहिला भाग आमच्या घरातल्या सगळ्यांनी ऐकला. शेवटची दोन वाक्यं कुणीच ऐकली नाहीत. मी तर मुळीच नाही.

ही गोष्ट जून २०२४ मधली. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही आणि जिन्याच्या पायऱ्या चोपन्न आहेत. ही संख्या मला त्या जूनपर्यंत ठाऊक नव्हती. बायकोला होती, कारण ती गणिताची शिक्षिका आहे आणि पायऱ्या मोजत चढायची तिला जुनी सवय आहे. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही गावी, रत्नागिरीजवळ गेलो होतो. आढीतले पिकलेले आंबे निवडायला ती उकिडवी बसली होती. मागे ठेवलेली करंडी घ्यायला बसल्या बसल्या वळली, डाव्या गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि पाय जो अडकला तो सरळच होईना. पडली नाही, धडपडली नाही, वय त्रेचाळीस. आईने आंबेहळदीचा लेप लावला. त्याने सूज जराशी उतरली, पण पाय काही सरळ झाला नाही.

परत आल्यावर एमआरआय केला आणि निदान कळलं. गुडघ्यातल्या आतल्या बाजूची गादी उभी फाटली होती आणि फाटलेली कड बादलीच्या कडीसारखी उलटून सांध्यात अडकली होती. दाराच्या फटीत पायपुसणं अडकलं की दार पुढेही जात नाही आणि मागेही जात नाही, तसं झालं होतं. असं दार ओढून उघडायचं नसतं, आधी पायपुसणं काढावं लागतं. ऑपरेशन १२ जूनला ठरलं. तिने शाळेला तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज दिला, आणि गणपती सप्टेंबरात असल्याने त्याची काळजीच नाही, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवूनही टाकलं.

या गादीविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या सात महिन्यांचं सगळं रामायण तिच्याभोवती घडलं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक गोलसर असतं आणि ते ज्याच्यावर टेकतं ते नडगीचं हाड जवळजवळ सपाट. गोल वस्तू सपाट जागी ठरत नाही. डोक्यावर हंडा घेताना बायका चुंबळ ठेवतात ती याचसाठी. गुडघ्यात अशाच दोन चुंबळी असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. पूर्ण गोल नव्हेत, तर चंद्रकोरीसारख्या. म्हणून तर त्यांचं नाव मेनिस्कस, ग्रीक भाषेतली छोटी चंद्रकोर. हाड त्यांच्यावर टेकतं आणि शरीराचा भार एका बिंदूवर न पडता पसरतो.

आज हे आपल्याला सहज पटतं, पण डॉक्टरमंडळींना पटायला बराच काळ जावा लागला. जॉन ब्लँड-सटन या इंग्रज शल्यविशारदाने १८९७ मध्ये लिहून ठेवलं होतं की, या चकत्या म्हणजे पायाच्या एका स्नायूचे निरुपयोगी अवशेष आहेत. निरुपयोगी वस्तू फाटली तर काढून टाकायची, एवढंच काय ते. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं फाटलेली गादी अख्खीच्या अख्खी काढली जाई आणि रोगी हिंडू-फिरू लागला की सगळे खूश होत. १९४८ मध्ये फेअरबँक नावाच्या डॉक्टरांनी असे गादी काढलेले गुडघे क्ष-किरणांखाली पाहिले, तेव्हा हाडांच्या कडा बदललेल्या आणि सांध्यातली फट कमी झालेली दिसली. चुंबळ काढली की हंडा थेट डोक्यावर घासणार, हे त्या चित्रांनी दाखवून दिलं. तरी गादी वाचवण्याचा विचार रुजायला आणखी बराच काळ लागला. गंमत अशी की, गादी शिवण्याचा प्रयोग त्याच्याही कितीतरी आधी होऊन गेला होता. एडिंबरोच्या थॉमस अ‍ॅनंडेल यांनी १८८३ मध्ये एका खाणकामगाराची सुटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली होती. पण त्यांचा धागा पुढे कुणी उचलला नाही.

दुर्बिणीचा उगम तर आपल्याला फारच जवळचा आहे. टोकियोतले प्राध्यापक केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय पाहायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. हा उपद्व्याप कशासाठी? त्या काळी जपानात गुडघ्याचा क्षयरोग पुष्कळ होता आणि त्यात गुडघा कायमचा आखडून जाई. खुर्चीवर बसणाऱ्या समाजात आखडलेला पाय घेऊन कसंबसं निभावता येतं. पण जिथे जेवण, पाहुणचार, पूजा सगळं जमिनीवर होतं तिथे न दुमडणारा गुडघा म्हणजे माणसाला पंगतीतून उठवल्यासारखंच. रोग लवकर दिसावा म्हणून ताकागींना आत डोकावायचं होतं. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी पुढे खरोखर वापरता येईल अशी दुर्बीण घडवली आणि १९६२ मध्ये बास्केटबॉल खेळताना जायबंदी झालेल्या एका मुलाच्या गादीचा फाटका तुकडा दुर्बिणीतून काढला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या निमित्ताने तिथे असलेले कॅनडाचे डॉक्टर रॉबर्ट जॅक्सन ही विद्या वातानाबेंकडून शिकले आणि आपल्याबरोबर पश्चिमेकडे घेऊन गेले. मांडी घालून बसणाऱ्यांच्या गरजेतून निघालेलं हे तंत्र पुढे जगभरच्या खेळाडूंचं झालं आणि फिरत फिरत आमच्यापर्यंत आलं.

ऑपरेशन तासाभराचं. पाठीतून इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता. एका भोकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यारं आणि आतली जागा फुगवून स्वच्छ दिसावी म्हणून सतत सलाइनचं पाणी. बायको जागीच होती आणि तिने आपला गुडघा समोरच्या पडद्यावर पाहिला. "आत अगदी शहाळ्याच्या मलईसारखं दिसतं हो," असं तिने नंतर सांगितलं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "कड बाहेरच्या बाजूने फाटली होती, त्यामुळे शिवता आली. छान झालं." आम्ही 'छान झालं' तेवढं ऐकलं आणि पेढे आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी तिला घरी आणलं. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यात सरळ बांधलेला. इमारतीतल्या चार मुलांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तिला चोपन्न पायऱ्या वर नेलं. वर पोचल्यावर तिने डिस्चार्जचा कागद वाचला आणि मला हाक मारली. "अहो, इथे सहा आठवडे कुबड्या लिहिल्यात."

मी म्हणालो, "चुकून लिहिलं असेल."

चुकून लिहिलेलं नव्हतं. या गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, साधारण एक चतुर्थांश भागाला. आतल्या भागाला रक्त नाही. जिथे रक्त पोचतं तिथे जखम भरते, शिवण धरते. जिथे ते पोचत नाही तिथे टाका घालून बहुधा उपयोग नसतो. तो फाटका भाग छाटून कड गुळगुळीत करतात. छाटलेल्या जागी भरून येण्यासारखं काही उरत नाही, त्यामुळे वाट पाहायचीही गरज नसते. सूज उतरली, पायात ताकद आली, की माणूस चालता होतो. बैठं काम असेल तर आठ-पंधरा दिवसांत कामावर, आणि तरण्या माणसाचा खेळ महिना-दीड महिन्यात सुरू. शिवलेल्या गादीचं गणित निराळं. ती आतून जुळून यायची असते आणि तोवर तिच्यावर रगडा पडू द्यायचा नसतो. म्हणून चार ते सहा आठवडे कुबड्या, तेवढाच काळ गुडघा नव्वद अंशांपलीकडे वाकवायचा नाही आणि उकिडवं बसणं निदान चार-सहा महिने वर्ज्य.

बाहेरून पाहाल तर दोन्हीकडे तीच दोन भोकं, प्रत्येकावर एकेक टाका. बाराव्या दिवशी ते निघाले की कातडीवर उरतात दोन ठिपके. या ठिपक्यांनीच सगळा घोटाळा केला. मोठा चिरा असला की लोक चार महिने हातात पाणी आणून देतात. दोन ठिपक्यांवर एवढी सहानुभूती मिळत नाही.

भेटायला येणारे यायचे ते आपापला गुडघा घेऊन. तळमजल्यावरचे गृहस्थ बँकेत आहेत. त्यांचं दोन वर्षांपूर्वी याच दुर्बिणीने ऑपरेशन झालं होतं. "मी दहाव्या दिवशी बँकेत होतो, वहिनी," ते सोफ्यावर टेकता टेकताच म्हणाले. त्यांची गादी छाटली होती. दुसऱ्या एकांच्या पुतण्याचा कबड्डीत अस्थिबंध तुटलेला. त्याच्या जागी मांडीतला स्नायुबंध घेऊन नवा बसवला होता आणि डॉक्टरांनी त्याला नऊ महिने मैदानात पाऊल टाकू दिलं नव्हतं. भोकं त्याचीही तशीच बारीक, पण काम आणखी निराळं. नव्या जागी बसवलेला हा बंध रुजेपर्यंत आधी कमजोर होतो आणि मग हळूहळू बळ धरतो. त्यामुळे पोरगा पळायला लागला तरी आतला बंध पळायला तयार नसतो. तिसऱ्या एका मावशींनी थेट अटलबिहारी वाजपेयींचा दाखला दिला. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केलं आणि पुढच्या जूनमध्ये उजव्याचं. पण ते सांधेबदलाचं ऑपरेशन, म्हणजे हाडांची झिजलेली टोकं कापून तिथे कृत्रिम सांधा बसवायचा. आता तेही लहान चिऱ्यातून करतात. लहान चिऱ्याचा फायदा पहिल्या काही आठवड्यांत जाणवतो, पुढे काही महिन्यांनी मोठा चिरावाले आणि लहान चिरावाले एकाच रांगेत येतात. मावशींना हे सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या लेखी 'गुडघ्याचं ऑपरेशन' ही एकच वस्तू होती आणि आमची ही तिच्यात उगाच मागे पडली होती.

आता माझी पाळी. १४ जुलैचा रविवार. टीव्हीवर विम्बल्डनची अंतिम लढत चालू होती आणि समोर जोकोविच खेळत होता. त्याची आतल्या बाजूची गादी जूनच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये फाटली, ५ जूनला ऑपरेशन झालं आणि २ जुलैला, म्हणजे सत्ताविसाव्या दिवशी, तो विम्बल्डनच्या हिरवळीवर उतरला होता. सकाळपासून मी भांडी घासली होती, आईचं पथ्याचं केलं होतं, चहा तीनदा टाकला होता. बायको सोफ्यावर पाय उशीवर ठेवून बसली होती आणि कुबड्या भिंतीला टेकलेल्या होत्या. मी बोलून गेलो, "हा बघ. तुझ्याआधी आठवडाभर ऑपरेशन झालं याचं. आणि आपण अजून कुबड्यांवर."

ती काही वेळ पडद्याकडेच पाहत राहिली. मग म्हणाली, "त्याची कापली. माझी शिवली."

त्या दिवशी ती पुढे माझ्याशी बोलली नाही. रात्री मी तो डिस्चार्जचा कागद पहिल्यांदा पूर्ण वाचला. जोकोविचच्या गुडघ्यात नेमकं काय केलं हे मला ठाऊक असायचं कारण नाही. पण शिवलेली गादी घेऊन कुणी सत्ताविसाव्या दिवशी विम्बल्डन खेळू शकणार नाही, एवढं मला त्या कागदावरून कळलं. वर्तमानपत्रांत बातम्या येतात त्या अशाच विलक्षण माणसांच्या. अमेरिकेच्या जोन बेनॉइटने १९८४ मध्ये गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर सतराव्या दिवशी ऑलिंपिकच्या निवड चाचणीची मॅरेथॉन धावून जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला सुवर्णपदकही मिळवलं. चाळीस वर्षं होऊन गेली तरी ही गोष्ट सांगितली जाते ती विलक्षण म्हणूनच. आपण मात्र तिचंच मोजमाप लावून घरातल्या माणसाला उभं करतो.

आत दडलेला संपकरी

जुलैच्या अखेरीस कुबड्या सुटल्या आणि मला वाटलं संपलं. खरं काम तिथून सुरू झालं. बायकोचा डावा पाय उजव्याशेजारी ठेवला तर मांडी डोळ्यांना दिसेल एवढी बारीक झाली होती. "सहा आठवडे वापरला नाही म्हणून," असं मी समजत होतो. फिजिओथेरपिस्ट मुलीने समजावलं की, ते अर्धंच कारण आहे. गुडघ्यात पाणी साचलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला वरून हुकूमच जात नाही. आपण पाय ताठ करायचं ठरवतो, पण सुजलेला सांधा मज्जातंतूंमार्फत त्या स्नायूला 'थांब' म्हणतो आणि स्नायू संपावर जातो. प्रयोगांतून असं दिसलं आहे की, वीस-तीस मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे पाणी साचलं तरी वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू मंदावतो. त्यासाठी दुखायलाच हवं असंही नाही. माणूस आळशी असतो म्हणून नव्हे, तर गुडघाच त्याला दाद देत नाही म्हणून पाय उचलला जात नसतो.

त्यामुळे बर्फाचा शेक, क्रेप बँडेज आणि पाय उंचावर ठेवणं ही काही म्हातारपणाची कौतुकं नव्हेत. सूज उतरेल तेव्हाच स्नायू कामावर येतो. व्यायाम दिसायला इतके किरकोळ की घरच्यांना हसू यावं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती दाबून दहा आकडे मोजायचे. पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा. टाच गादीवरून आपल्याकडे ओढायची. हे दिवसातून चार वेळा, रोज. एखाद्या दिवशी हुरूप येऊन जास्त चाललं की संध्याकाळी गुडघा फुगायचा आणि स्नायू पुन्हा संपावर. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ती देवळात चालत गेली, तिथे तासभर उभी राहिली आणि चार दिवस मागे गेली. फिजिओ मुलगी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कालच्याएवढाच असेल तर काल केलं ते बरोबर. मोठा झाला असेल तर कालचं जास्त."

जिन्याचा नियमही तिनेच शिकवला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चोपन्न पायऱ्यांवर हा नियम बायकोने एवढा घोकला की मीही तसाच चढायला लागलो.

मग ती वही सुरू झाली. फिजिओ कोनमापकासारख्या लांब पट्टीने गुडघा किती वाकतो ते मोजायची. गणिताच्या शिक्षिकेला हे फारच मानवलं. तिने शाळेची शंभर पानी वही काढली आणि रोजचा कोन लिहायला घेतला. सपाट जागी चालायला गुडघा साठ-पासष्ट अंश वाकला तरी पुरतो. जिना चढायला ऐंशी-नव्वद लागतात. खुर्चीतून उठायला त्याहून थोडे अधिक. उकिडवं बसायला मात्र एकशे तीसच्या वर जावं लागतं, आणि आपल्याकडचं आयुष्य निम्मंशिम्मं या एकशे तीसच्या पलीकडे असतं. परदेशी पुस्तकातला रुग्ण नव्वदला बरा होतो. आमच्याकडे नव्वदला माणूस कमोडवर बसू शकतो, देवापुढे नाही. कुणी ऑपरेशन करून घेणार असेल तर डॉक्टरांना 'कधी बरी होईन' असं विचारण्याऐवजी 'जिना कधी, लोकल कधी, खाली बसणं कधी' असं तुकड्या-तुकड्यांनी विचारावं, हे मला त्या वहीवरून सुचलं. 'आत काय करणार आणि बेत बदलला तर हे दिवस किती बदलतील' हेही आधीच विचारून घ्यावं आणि शेवटचं वाक्य ऐकेपर्यंत खुर्चीतून उठू नये. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, टाक्यांतून पाणी येऊ लागलं किंवा एकाएकी दम लागला, तर मात्र वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पायात रक्ताची गुठळी होणं दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर क्वचितच घडतं, पण घडतं.

शाळेचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते आठवून तिला अजून त्रास होतो. तीन आठवड्यांची रजा दोन महिन्यांवर गेली. "दुर्बिणीचंच होतं ना?" असं तिला फोनवर दोनदा विचारलं गेलं. ऑगस्टच्या मध्यावर ती रुजू झाली ती रिक्षाने. दोन तास शिकवायचं ते खुर्चीवर बसून आणि वर्ग तळमजल्यावरचे. तेवढं मात्र त्यांनी मान्य केलं.

७ सप्टेंबरला गणपती आले. ऑपरेशनला साडेबारा आठवडे झाले होते आणि वहीत कोन होता एकशे अठरा. आरतीला ती उभी राहिली, नैवेद्याचे मोदक ओट्याशी उंच स्टुलावर बसून केले. पण गौरी बसवायच्या वेळी प्रश्न आला. आमच्याकडे गौरीचं सगळं खाली बसून, पाटावर. आई म्हणाल्या, "दोन मिनिटं टेक गं, देवाचंच काम आहे, काही होत नाही." बायकोने माझ्याकडे पाहिलं. जूनमधला मी असतो तर काय म्हणालो असतो, कुणास ठाऊक. मी आतून डायनिंग टेबल ओढत आणलं, त्यावर पाट मांडला आणि म्हटलं, "आई, या वर्षी गौरी जरा उंचावर बसतील." आई दिवसभर गप्प होत्या. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या काकू टेबलापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बरं झालं बाई, माझ्यानेही हल्ली वाकवत नाही." तेव्हा त्या जरा निवळल्या.

याच काकूंनी आठवडाभराने मला गाठलं. वय चौसष्ट, दोन्ही गुडघे झिजलेले, जिना उतरताना दुखतात. "हिचं दोन भोकांत झालं, मलाही त्या डॉक्टरांकडे घेऊन चला. आत साफ करून घेते." मी घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्यांना नाही म्हटलं, आणि त्यामागे बराच इतिहास आहे. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघे झिजलेल्या काही रुग्णांचा सांधा दुर्बिणीतून साफ केला, काहींचा नुसता धुतला आणि काहींना गुंगी देऊन फक्त कातडीला छेद दिला, आत काहीच केलं नाही. आपलं काय केलं हे रुग्णांना सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षांनी तिन्ही गटांचं दुखणं सारखंच होतं. २०१३ मध्ये फिनलंडमधल्या डॉक्टरांनी झिजेने फाटलेल्या गादीबाबत अशीच तुलना केली, तेव्हाही छाटलेले आणि लुटुपुटूचं ऑपरेशन झालेले सारखेच निघाले. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालू नये, असा स्पष्ट सल्ला २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने प्रसिद्ध केला. अडकलेला गुडघा वेगळा आणि झिजलेला वेगळा. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, "वजन थोडं उतरवा, मांडीचा व्यायाम करा." काकूंना तो आपला अपमान वाटला. 'ऑपरेशन नको' असं सांगणारा डॉक्टर आपल्याकडे कमी प्रतीचा समजतात. शेवटी बायकोने त्यांना टॉवेलच्या गुंडाळीचा व्यायाम शिकवला आणि आता दोघी दुपारी आमच्या पलंगावर शेजारी शेजारी पाय लांब करून आकडे मोजतात.

दिवाळीपर्यंत ती लोकलने जाऊ लागली, पण सकाळच्या गर्दीची गाडी टाळून. चालताना काहीच कळत नव्हतं. पायऱ्या उतरताना मात्र एक क्षण थांबायची आणि कठडा धरायची. वहीत एकशे सव्वीस, पुन्हा एकशे सव्वीस, मग एकशे चोवीस आणि त्यापुढे लाल पेनने 'का?' असं लिहिलेलं. नोव्हेंबरात एकशे तीस. डिसेंबरात डॉक्टरांनी पाहिलं आणि खाली बसायला परवानगी दिली. आधी मांडी घालून, उकिडवं नंतर, हळूहळू. परवानगी मिळाली तरी ती तीन आठवडे बसली नाही. आवाज होईल ही भीती. 'कट्' असा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या हॉलमध्ये सतरंजी घातली होती. बायका गोल बसल्या होत्या आणि मी स्वयंपाकघरातून तिळगुळाची ताटं पोचवत होतो. एका फेरीला पाहिलं तर तिची खुर्ची रिकामी होती. ती खाली, काकूंच्या शेजारी, मांडी घालून बसली होती. वाण देऊन झाल्यावर मी हात पुढे केला, पण तिने तो घेतला नाही. टीपॉयचा आधार घेतला, एकदा थांबली आणि उठली.

रात्री तिने कोन मोजायला मला बसवलं. पट्टी आमच्याकडे नव्हती, म्हणून मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला आणि दोन शिवणकामाच्या पट्ट्या लावल्या. वहीत त्या दिवशीची नोंद तिच्या अक्षरात अशी आहे: "१४ जानेवारी. डावा १३५. उजवा १४०. मोजणारा नवशिका, एक-दोन अंशांची चूक धरावी."